जोडीने पायी नर्मदा परिक्रमा : निघण्याआधी घरात काय काय ठरवाल?

शहादा : दिवाळी सरली की शहादा, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतल्या रस्त्यांवर पाठीला पिशवी अन् हातात काठी घेतलेले परिक्रमावासी दिसू लागतात. दारात येऊन "नर्मदे हर" म्हणतात, चहा-भाकरी घेतात, पुढच्या गावाला लागतात. त्यात नवरा-बायकोच्या जोड्याही असतात. पोरांची लग्नं उरकली, आता आपणही निघू, असा विचार मग आपल्याकडच्या घरांतही सुरू होतो. विचार चांगलाच आहे. पण जोडीने जायचं तर एकट्यापेक्षा तयारी जास्त लागते.

हिशोब वर्षाचा धरा

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १,३१२ किलोमीटर वाहून खंभातच्या आखाताला मिळते. दोन्ही काठ धरले तर २,६२४ किलोमीटर होतात. धरणांच्या फुगवट्यामुळे काठावरच्या जुन्या पायवाटा बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली गेल्या, त्यामुळे वळसे पडतात आणि चाल तीन हजारांच्या वर जाते. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळेच बरेच जण राजघाट-बडवाणीकडून खेतियामार्गे शहादा, प्रकाशा असे आपल्या भागातून जातात.

रोज २५ किलोमीटर चालणारा तरुण गडी चार-पाच महिन्यांत परत येतो. पन्नाशी-साठीच्या जोडप्याने रोजचे १२ किलोमीटर धरावेत. म्हणजे चालायचेच अडीचशे दिवस झाले. त्यात आठवड्याला एक दिवस विश्रांती, शिवाय आषाढी ते कार्तिकी चातुर्मासात एका जागी मुक्काम. कार्तिकात निघालेली जोडी पुढच्या कार्तिकानंतरच घरी येते. साडेतीन महिन्यांचा किराणा भरून देऊन निघालात तर घर अडचणीत येईल.

चाल कमी त्याची धरा

जोडीत एकाचा पाय भरभर चालतो, दुसऱ्याचा हळू. भरभर चालणाऱ्याने पुढे जाऊन थांबायचं अन् मागचा पोहोचला की लगेच उठायचं, असं झालं की मागच्याला विश्रांतीच मिळत नाही. गुडघे आणि तळपाय त्याचेच आधी जातात. म्हणून हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा.

संध्याकाळी मुक्कामाला टेकलात की एकमेकांचे तळवे बघा. शुगर असलेल्या माणसाला पायाचा फोड कळत नाही, तो चिघळतो. फोडाची कातडी ओढून काढू नका. धुऊन, कोरडा करून स्वच्छ पट्टी बांधा. ओझं प्रत्येकी सहा-सात किलोच्या वर नको. औषधं, बॅटरी दोघांत मिळून चालेल. पण आधार कार्ड, थोडे पैसे आणि घरचा नंबर लिहिलेला कागद दोघांकडे वेगवेगळा हवाच. जंगलवाटेला चुकामूक झाली अन् रेंज नसली तर तोच कागद कामाला येतो.

रीत काय असते?

नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. उपनद्या ओलांडलेल्या चालतात. ओंकारेश्वरचं मंदिर बेटावर असल्यामुळे तिथलं दर्शनही परिक्रमा पुरी झाल्यावरच घेतात. समुद्राजवळ मात्र हांसोट तालुक्यातून दहेजजवळच्या मिठी तलाईपर्यंत होडीने जावं लागतं. होडी भरतीच्या वेळेवर सुटते, तिथे घाई करून उपयोग नाही.

आश्रमांत जेवण किंवा सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा मिळतो. झोपायची सोय कितीतरी ठिकाणी बाया-माणसांची वेगळी असते. पाळीच्या दिवसांत रीत जागेनुसार बदलते, तेवढे दिवस हाताशी जास्तीचे ठेवा. धरणाच्या खालच्या बाजूला आंघोळ करताना काठ सोडू नका. पाऊस नसतानाही पाणी सोडलं जातं. भोंगा वाजला की लगेच वर या.

शेत कोणाच्या भरवशावर?

रब्बी आणि पुढचा खरीप, दोन्ही हंगाम तुमच्याविना जाणार. शेत बटाईने देणार असाल तर बोलणी दोन साक्षीदारांसमोर करून लिहून ठेवा. ई-पीक पाहणीला मोबाईल घेऊन शेतात उभं राहावं लागतं, ते कोण करणार हे नाव घेऊन ठरवा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला देऊनच निघा. दुभतं जनावर शेजाऱ्यावर वर्षभर टाकणं बरं नाही, त्याचा निर्णय आधीच करा.

एक थांबला तर?

हा प्रश्न कोणी काढत नाही, पण वाटेत भांडण होतं ते यावरूनच. एकाला ताप आला, गुडघा धरला, घरी नातू आजारी पडला. मग दुसऱ्याने चालत राहायचं का? काही जोड्यांत एक परत येतो, एक पुढे जातो. काही दोघंही परत फिरतात. दोन्ही बरोबरच आहे, पण ते घरीच बोलून ठेवा. वाटेत ठरवायला गेलं की आजारी माणूस दुसऱ्याचं पुण्य मोडू नये म्हणून दुखणं लपवतो आणि साधं दुखणं दवाखान्यापर्यंत जातं.

सलग वर्ष जमणारच नसेल तर खंड परिक्रमाही करतात. जिथे थांबलात तिथूनच पुढच्या वेळी चालायला लागायचं. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये सुरुवात करून अशीच तुकड्या-तुकड्याने परिक्रमा केली. पुढच्या वाटचालीत त्यांच्या पत्नी कांताही सोबत चालल्या.

यंदा निघायचा विचार असेल तर आधी पंधरा दिवस दोघांनी पिशवी पाठीला लावून शेजारच्या गावापर्यंत रोज जाऊन या. कोणाची चाल किती, हे तिथेच कळेल.