ऊसतोडीच्या हंगामातील पाहुणी : खरुची

कोडोली (ता. पन्हाळा) : ऊसतोड सुरू झाली, की वारणाकाठच्या मोकळ्या होत जाणाऱ्या रानावर नजर ठेवावी. हवेत एकाच जागी पंख फडफडवत थबकलेला, कबुतराएवढा तांबूस पक्षी दिसला, तर ती खरुची समजावी. घार नव्हे, शिक्राही नव्हे. हा ससाण्याच्या कुळातील छोटा शिकारी. गंमत म्हणजे, ससाणे घारीपेक्षा पोपटांना अधिक जवळचे असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले.

खरुचीचे वजन जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम. नराचे डोके व शेपटी राखाडी. मादी तपकिरी, पट्टेदार आणि थोडी थोराड. तिचे तरंगणे मात्र जादू नव्हे. ती वाऱ्याकडे तोंड करून वाऱ्याच्याच वेगाने उडते, म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्याला जागीच खिळल्यासारखी दिसते. पंख आणि पसरलेली शेपटी प्रत्येक झोत सावरतात. डोके तसूभरही हलत नाही. गवतात हालचाल टिपली, की ती टप्प्याटप्प्याने खाली उतरते आणि अखेर झडप घालते. उंदीर, सरडे, नाकतोडे हे तिचे भक्ष्य.

महाराष्ट्रात दिसणाऱ्या बहुतेक खरुची हिवाळी पाहुण्या. काही सह्याद्रीच्या कड्यांवर वीणही करतात. घरटे विणण्याची खटपट नाही, कड्यातील कपार पुरते. तीन ते सहा अंडी घातली जातात आणि सुमारे चार आठवड्यांनी पिले बाहेर येतात.

उभ्या, दाट उसात खरुचीला शिकार साधत नाही. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि तिचा मुक्काम एकाच काळात येतो, ही तिची सोय. फड तुटला, की लपलेले उंदीर उघडे पडतात.

धोकाही तेथेच आहे. उंदरांसाठी वापरले जाणारे ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. मात्र उंदीर मरायला काही दिवस लागतात. तोवर सुस्तावलेला उंदीर सर्वांत सोपी शिकार ठरतो आणि विष पक्ष्याच्या यकृतात साठते. युरोपात मृत खरुचींच्या यकृतात अशी विषे आढळली आहेत. म्हणूनच आमिष उघड्यावर न टाकता बिळात ठेवणे आणि मेलेले उंदीर रोज वेचून पुरणे आवश्यक ठरते. शेतकऱ्याला त्यासाठी जादा खर्च नाही, फक्त सकाळची एक फेरी.