गुरुवारची सुट्टी आणि कासची फुलं

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, ह्यांनाही. मग संध्याकाळी पिंपळे गुरवच्या डायनासोर गार्डनमध्ये दोघांची फेरी, येताना ओली भेळ, घरी आल्याचा चहा. आठवडा भरून पावतो!

पण वर्षातून एकदा, सप्टेंबरात, कास पठार ठरलेलं. साताऱ्याहून साधारण २५ किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसा यादीत आलं. हंगामात बुकिंग आधी ऑनलाइन करा, आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळाच.

गुलाबी तेरडा लांबूनही दिसतो. सीतेच्या आसवांसाठी मात्र उकिडवं बसावं लागतं. नखाएवढं निळं-जांभळं फूल, दिसायला किती गरीब! पण ही वनस्पती चक्क कीटकभक्षी आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ, त्यात नत्र कमी. म्हणून मुळांसारख्या धाग्यांवरच्या बारीक पिशव्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आम्ही दोघं अर्धा तास तिथून हललो नव्हतो.

टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, तिचं वर्ष विचारून जा. आणि पाय फक्त पायवाटेवरच ठेवा हं, फुलं अगदी कडेपर्यंत असतात.