पुण्यातील बूच : वनस्पतिशास्त्रीय वैशिष्ट्ये व अधिवास

टेटू कुलातील बूच (मिलिंगटोनिया हॉर्टेन्सिस) हा वृक्ष पुण्यातील रस्त्यांवर व महाविद्यालयांच्या आवारांत इतका रुळला आहे की, तो मूळचा येथील नव्हे याचा सहसा विसर पडतो. म्यानमार, थायलंड व दक्षिण चीन येथील वने हा त्याचा मूळ अधिवास होय. त्याच्या प्रजातीत ही एकच जाती आहे.

खोड सरळ व उंच वाढते. साल भेगाळ व मऊ असून तिच्यापासून हलक्या प्रतीचे बूच मिळते. नाव त्यावरूनच पडले. पाने संयुक्त, द्वि- वा त्रिपिच्छाकृती असतात. पावसाळा सरल्यावर पांढरी, सुगंधी, लांब नळीची फुले रात्री उमलतात व सकाळी झाडाखाली त्यांचा सडा पडलेला दिसतो. हा रंग, ही वेळ व ही नळी लांब सोंडेच्या पतंगांमार्फत होणाऱ्या परागणास अनुकूल आहे.

एवढा बहर येऊनही भारतात या वृक्षास चपटी बोंडे क्वचितच धरतात. त्यामुळे त्यांतील सपक्ष बियाही दुर्मिळच. येथील प्रसार मुख्यतः मुळांपासून फुटणाऱ्या मुनव्यांवर अवलंबून आहे. बुंध्यापर्यंत फरशी व सिमेंट आले की हा मार्गही खुंटतो. लाकूड ठिसूळ असल्याने वादळात बूच सहज मोडतो. अशा पदपथावर त्याच्या जागी दुसरा आपोआप उगवत नाही, तो लावावाच लागतो.