जुनी दृश्यं, उसनं संगीत आणि छोटा जादूगार : हा 'टुकार' सिनेमा नक्की बनवला कुणी?

मंडळी, ही गोष्ट ऐका. एका जादूगाराचा मुलगा आहे, सायमन. दुष्ट मांत्रिक शुर्का राजवाडा बळकावतो आणि राजाला व सायमनच्या वडिलांना मारून टाकतो. वडिलांनी दिलेली जादूची अंगठीही पळापळीत हातची जाते. सोबत उरतो तो गल्फॅक्स, म्हणजे पांढऱ्या झुबकेदार केसांचा एक प्राणी. त्याच्या आत घामाघूम झालेला माणूस आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पुढे कोर नावाचा दारूबाज योद्धा भेटतो आणि दोघं मिळून राज्य परत मिळवायला निघतात. वाटेत बहिणीच्या लग्नावरून कोरवर खार खाऊन असलेला एक डोळ्याचा राक्षसही येतो!

हा आहे १९८५ चा 'विझार्ड्स ऑफ द लॉस्ट किंगडम'. वाईट सिनेमे बघून त्यांची टर उडवणाऱ्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या अमेरिकन कार्यक्रमाने २०१७ मध्ये याचा एक अख्खा भाग केला. सिनेमा आहेच तसा. पण त्याच्या दिग्दर्शकाला बर्लिन महोत्सवात एकदा नव्हे, दोनदा 'सिल्व्हर बेअर' मिळालंय, हे कळलं की गडी बुचकळ्यात पडतो. मग असा माणूस या भानगडीत पडला कसा?

काटकसर म्हणजे किती काटकसर?

सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा. सुरुवातीला राज्याचा इतिहास सांगताना लढाया दिसतात, त्या या सिनेमासाठी चित्रित केलेल्याच नाहीत. 'सॉर्सरेस' (१९८२) आणि 'डेथस्टॉकर' (१९८३) या दोन जुन्या सिनेमांतली दृश्यं कापून वर निवेदन चढवलंय. त्यामुळे तिथे दिसणाऱ्या मंडळींचा पुढच्या कथेशी काडीचा संबंध नाही.

संगीताचंही तेच. त्यातलं बरंचसं 'बॅटल बियॉन्ड द स्टार्स' (१९८०) या अंतराळपटातून उचललंय. म्हणून झाडाझुडपांतून चालणाऱ्या मुलामागे अवकाशयुद्धाचे तुतारे वाजतात. गंमत म्हणजे ते संगीत होतं जेम्स हॉर्नर यांचं. पुढे 'टायटॅनिक'साठी दोन ऑस्कर मिळवणारे हेच ते हॉर्नर!

हे डोकं कुणाचं?

या सगळ्यामागे होते रॉजर कॉर्मन, हॉलिवूडचे कमी खर्चातल्या सिनेमांचे बादशाह. आपण शंभर सिनेमे काढले आणि एक पैसाही गमावला नाही, अशा अर्थाचं नाव त्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिलं होतं. फ्रान्सिस फोर्ड कोपोला, मार्टिन स्कोर्सेसी, जेम्स कॅमेरॉन यांनी उमेदवारी केली ती त्यांच्याच हाताखाली. त्यांना २००९ मध्ये मानद ऑस्कर मिळालं आणि २०२४ मध्ये ते वारले.

कॉर्मन यांना बाजाराची नाडी कळायची. 'कोनन द बार्बेरियन' (१९८२) चालल्यावर तलवार आणि जादूच्या सिनेमांची लाट आली होती. त्याच काळात अमेरिकेत घरोघरी व्हीसीआर पोहोचले. गल्लोगल्लीच्या व्हिडिओ लायब्रऱ्यांना सतत नवा माल लागायचा, आणि तिथे कॅसेट उचलली जायची ती वेष्टनावरचं चित्र बघून. चित्रावर तलवार, किल्ला, राक्षस असला की काम झालं. आत काय आहे ते घरी गेल्यावर कळणार!

पण शूटिंग अर्जेंटिनात का?

१९८० च्या दशकात अर्जेंटिनात महागाई वर्षाला शेकडो टक्क्यांनी वाढत होती. तिथल्या पैशाला किंमत उरली नव्हती, पण हातात डॉलर असतील तर कलाकार, तंत्रज्ञ, सेट सगळं स्वस्तात मिळायचं. कॉर्मन यांनी तिथल्या 'आरिएस' या चित्रपटसंस्थेशी हातमिळवणी केली. 'डेथस्टॉकर'पासून सुरू झालेल्या या भागीदारीतून दहाएक सिनेमे निघाले. आपला छोटा जादूगार त्यातलाच एक.

'आरिएस' चालवणाऱ्या दोघांपैकी एक होते एक्तोर ओलिवेरा, म्हणजेच या सिनेमाचे दिग्दर्शक. कॉर्मन यांच्यासोबतच्या कामातून पैसा मिळवायचा आणि आपल्या मनातले सिनेमे काढायचे, असा त्यांचा हिशेब होता.

आणि मनातले सिनेमे कोणते?

इथे हसू थांबतं. ओलिवेरा यांनी १९७४ मध्ये 'ला पातागोनिया रेबेल्दे' काढला होता. पातागोनियात १९२१-२२ मध्ये संपकरी शेतमजुरांना लष्कराने गोळ्या घातल्या, त्याची ही कथा. त्यांचं पहिलं सिल्व्हर बेअर याचंच. पुढे १९७६ मध्ये देशात लष्करी राजवट आली आणि हजारो माणसं 'बेपत्ता' झाली. १९८३ मध्ये लोकशाही परतली. त्याच वर्षीच्या राजकीय उपहासपटाला दुसरं सिल्व्हर बेअर मिळालं.

छोट्या जादूगाराच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, त्यांनी 'ला नोचे दे लोस लापिसेस' म्हणजे 'पेन्सिलींची रात्र' हा सिनेमा केला. सप्टेंबर १९७६ मध्ये ला प्लाता शहरात शाळकरी विद्यार्थ्यांना लष्करी राजवटीच्या माणसांनी घरांतून उचलून नेलं. बसभाड्यात विद्यार्थ्यांना सवलत मिळावी म्हणून आंदोलन केलेली ही पोरं. त्यातली सहा जण कधीच परतली नाहीत. जिवंत सुटलेल्या एका विद्यार्थ्याने जे सांगितलं, त्यावर हा सिनेमा उभा आहे. राजवट जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती, जखमा ओल्या होत्या.

म्हणजे बघा, एकाच माणसाने हे दोन सिनेमे केले आणि दोन्हींत मुलंच आहेत. एकात मुलगा जादूने आपलं राज्य परत मिळवतो. दुसऱ्यात मुलांच्या मदतीला कुठलीच जादू येत नाही.

कॉर्मन यांचे नेमके किती डॉलर कुठल्या सिनेमात गेले, असा थेट हिशेब मांडता येणार नाही. पण चित्रपटसंस्था चालवायची तर पगार, कॅमेरे, स्टुडिओ यांचा खर्च रोज सुरूच असतो, आणि महागाईने पोखरलेल्या देशात तो एकट्या गंभीर सिनेमांवर निघणं कठीण होतं. केसाळ गल्फॅक्सने तो भार थोडाफार उचलला, एवढं नक्की.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी एखाद्या टुकार सिनेमाची क्लिप फिरत आली, तर पोट धरून जरूर हसा. मात्र दिग्दर्शकाचं नाव एकदा शोधून बघा. पोटासाठी एक आणि मनासाठी एक, असं दुहेरी काम केलेला दुसरा कुणी कलाकार तुम्हाला आठवतोय का? कमेंटमध्ये नक्की सांगा.