पहिले खोगीर

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या रस्त्यावर घोडा दिसतो तो बहुतेक वेळा वरातीत. पुढे बँजो किंवा डीजे, बाजूला फटाक्यांची माळ, मागे हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षांची रांग आणि मधोमध झुलीगोंड्यांनी सजलेली घोडी नवरदेवाला पाठीवर घेऊन निश्चल उभी. बघणारे कौतुकाने म्हणतात, किती शांत जनावर आहे! पण शांत दिसणे वेगळे आणि निर्धास्त असणे वेगळे. घोडा पळून जीव वाचवणाऱ्या जनावरांपैकी आहे. पळायची वाट बंद केली आणि निसटण्याची प्रत्येक धडपड फुकट गेली, की तो एका टप्प्यावर धडपडणे सोडतो. भीती आत तशीच राहते, फक्त ती दाखवण्यात काही अर्थ नाही एवढे त्याला कळलेले असते. उलट, एकेका आवाजाची आणि स्पर्शाची ओळख बेताबेताने झालेला घोडाही वरातीत शांतच उभा राहील. रस्त्यावरून दोघे सारखेच दिसतात. फरक कळतो तो अवचित काही घडल्यावर, आणि त्या क्षणी पाठीवर माणूस असतो. म्हणून तरुण घोड्यावर पहिले खोगीर कसे चढवले, याला मोल आहे. घोड्याचा विश्वास आणि स्वाराचा आत्मविश्वास एकाच पद्धतीने घडतात आणि एकाच घाईने मोडतात, हे या विद्येकडे नीट पाहिले की पटते.

या कामासाठी मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे: घोडा फेरणे. इंग्रजीत याच कामाला ‘ब्रेकिंग’, म्हणजे मोडणे, म्हणत आले. फेरणाऱ्याला आपल्याकडे चाबुकस्वार म्हणत. नावात चाबूक असला तरी क्रियापद फिरवण्याचे, पुन्हा पुन्हा त्याच वाटेने नेण्याचे आहे. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, तर बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे. पागेतला घोडा आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या मांडीखाली जाणार. एकाच माणसाच्या धाकाने चालणारे जनावर तिथे कुचकामी ठरणार. खुणा समजून चालणारेच उपयोगी. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ठेंगणी, काटक भीमथडी तट्टे लांब पल्ल्याच्या दौडींत नावाजली, त्यात त्यांच्या काटकपणाइतकाच या फेरण्याचाही वाटा असणार. आज ही परंपरा पाहायची तर दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या घोडेबाजारात जावे. तिथे गिऱ्हाईक रंग पाहते, भोवरे पाहते, रेवाल चाल पाहते, आणि जाणकार गिऱ्हाईक सर्वांत आधी ओठ उचलून दात पाहते.

दात वयाचा दाखला देतात, आणि पहिले खोगीर कधी याचे अर्धे उत्तर तिथेच असते. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने पडून कायमचे येतात; दाढाही याच सुमारास बदलतात. नेमक्या याच काळात आपण त्याच्या तोंडात लोखंडी कडियाळे घालतो. हिरडी दुखत असलेले शिंगरू डोके झटकते आणि माणूस त्याला हट्टी ठरवतो. हाडांचे वेळापत्रक तर आणखी सावकाश चालते. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाची वाढ पहिल्या वर्षातच आटोपते, गुडघ्यालगतची सुमारे दोन-अडीच वर्षांना, पण कण्यातल्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू असते. खोगीर आणि माणूस नेमके कण्यावर बसतात. यावर शर्यतीच्या घोड्यांचा दाखला देऊन हरकत घेतली जाते: थरोब्रेड शिंगरांवर दीड वर्षाचे असतानाच स्वार बसतो आणि दोन वर्षांची झाली की ती धावतात, मग बाकीच्यांनी का थांबावे? हरकतीत तथ्य आहे. कोवळ्या वयातल्या बेताच्या व्यायामाने हाड घट्ट होते, आणि शिंगराला ठाणबंद करून वाढवणे त्याच्या हिताचे नाही. पण व्यायाम म्हणजे ओझे नव्हे. मोकळ्या रानात धावणे, चढउतारावर चालणे, दोरीवर फिरणे हे सगळे पाठीवर कोणीही न बसता होते. शर्यतीच्या धंद्याला दोन वर्षांत निकाल हवा असतो. ज्याला वीस वर्षे चालणारा सोबती हवा आहे, त्याने तो हिशेब उसना घेऊ नये. तीन वर्षांचा झाल्यावर हलकी ओळख आणि खरी मेहनत पुढच्या वर्षी, हा सबुरीचा मार्ग म्हणूनच शहाणपणाचा आहे.

प्रत्यक्ष काम जमिनीवरून सुरू होते. आधी मोरखी, मग अंगभर हात फिरवणे, खरारा, पाय उचलून देणे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चारी दिशांचे दिसते. कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. वाघ-सिंहासारखे जनावर झेप घेते तेही पाठीवरच. म्हणजे आपण त्याच्याकडे मागतो ती त्याच्या जातीला सर्वांत धोक्याची वाटणारी गोष्ट. म्हणून फेरणारा आधी लांब दोरीवर रिंगणात घोड्याला चाल, दुडकी आणि थांबणे शिकवतो. मग पाठीवर खोगिराखालचा नमदा येतो, त्याचा वास घेऊ दिल्यावर. नंतर खोगीर. तंग एकदम आवळायचा नाही. एक छिद्र, चार पावले, पुन्हा एक छिद्र. मोकळ्या रिकिबी कुशीला लागल्या तरी दचकू नये इतके दिवस रिकामे खोगीर फिरते. त्यानंतर हलक्या अंगाचा माणूस पोटावर आडवा पडून वजन टाकतो आणि लगेच उतरतो. पाय पलीकडे टाकून बसणे सर्वांत शेवटी येते, तेही काही मिनिटांपुरते. या सगळ्यामागे एकच नियम आहे. घोडा दाब दिल्याने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. टाच लागली, त्याने पाऊल टाकले, त्याच क्षणी टाच सैल पडली, तर पाऊल टाकणे हे उत्तर त्याच्या मनात पक्के होते. सुटका उशिरा झाली तर तो भलतेच शिकतो. झालीच नाही, तर त्याची कूस निबर होते आणि पुढे चाबूक लागतो.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप पैशाचा आहे. पाय बांधून, थकवून, दोन-चार दिवसांत घोडा स्वारीखाली आणणारे आहेत. मग गरीब अश्वपालाने महिनोन्महिने चारा-दाणा का घालावा? हा आक्षेप हेटाळण्याजोगा मुळीच नाही, कारण घोडा रोज खातो आणि कमावतो मात्र काम मिळेल तेव्हा. पण हिशेब अर्धाच मांडलेला असतो. घाईत फेरलेला घोडा तंग आवळताना चावतो, चढताना सरकतो, बुजला की आवरत नाही. अशा घोड्यावर मुलाला बसवता येत नाही, त्याला वारंवार आवरावे लागते, आणि विकताना त्याची खोड आधी कळते, किंमत नंतर ठरते. वाचलेले महिने पुढची वर्षे व्याजासकट वसूल करतात. शिवाय सबुरीच्या कामाला दिवसाला वीस मिनिटे पुरतात. तासन्‌तास दमवण्याची त्यात गरजच नसते.

स्वाराच्या बाबतीत हेच गणित उलट बाजूने लागू होते. 2009 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग मांडला. माणसांनी घोडे चालवत किंवा त्यांच्यावर बसून ठरलेल्या अंतरावर चार फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितले, घोडा जवळून जाताना छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि सोबत घोड्याचेही. घोड्याला छत्रीची कल्पना नव्हती. त्याला माणूस तेवढा कळला. याचा अर्थ, नवख्या स्वाराला “घाबरू नकोस” म्हणणे निरुपयोगी आहे. भीती आज्ञेने जात नाही, घोड्यापासून लपतही नाही. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या अनेक मुलांची घोड्याशी पहिली गाठ पडते नेरळवरून माथेरानला गेल्यावर. तिथे मोटारींना बंदी असल्याने घोडे हे नेहमीचे वाहन. ती फेरी आनंदाची असते, पण दोर अश्वपालाच्या हाती असतो. त्यातून हौस जागते, मांड येत नाही. मांड येते ती लांब दोरीवरच्या जुन्याजाणत्या घोड्यावर, हातात लगाम न देता. लगामाची जबाबदारी शिक्षकाकडे असली, की स्वाराला एकच काम उरते: घोड्याच्या पाठीबरोबर हलायला शिकणे. तोल स्वतःच्या कमरेत सापडला, की हात लगामाला लोंबकळत नाहीत, आणि घोड्याच्या तोंडाला हिसके बसत नाहीत. थांबवता येते आणि हवे तेव्हा उतरता येते, हे अनुभवाने कळलेला माणूस धीट होतो. नवखा स्वार आणि नवखा घोडा एकत्र आणू नयेत, हा नियमही याच तर्कातून येतो: दोघांपैकी एकाला तरी उत्तर माहीत असले पाहिजे.

पडल्याशिवाय स्वार होत नाही, असे जुने लोक म्हणतात. स्वारीत पडणे कधीतरी घडते हे खरे, आणि म्हणूनच हेल्मेट डोक्यावर हवे. पण पडणे हा शिक्षणाचा खर्च आहे, अभ्यासक्रम नव्हे. पहिल्याच आठवड्यात बेलगाम उधळलेल्या घोड्यावरून पडलेले मूल धाडस शिकत नाही. ते श्वास रोखून बसायला शिकते, आणि तो रोखलेला श्वास घोडा वाचतो. हळुवारपणाने कस लागत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेकडे पाहावे. मुंबईचा हृदय छेडा ज्यात होता, त्या भारतीय चमूने ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकले; अश्वारोहणातले भारताचे हे सुवर्ण 1982च्या दिल्ली स्पर्धेनंतर 41 वर्षांनी आले. ड्रेसाज म्हणजे काय? रिंगणात पहिल्या दिवशी शिकवलेली चाल, दुडकी, वळण आणि थांबणे, इतक्या हलक्या खुणेवर की बघणाऱ्याला खूण दिसू नये. शिखरावर पोहोचलेली विद्या पहिल्या धड्याचेच निर्मळ रूप असते, आणि पहिला धडा धाकाने दिला असेल तर ते रूप पुढे येत नाही.

ठाण्यात येऊरच्या डोंगरपायथ्याशी वाढणाऱ्या मुलाला घोडेस्वारी शिकवायची असेल, तर पालकांनी शिकवणीची फी आणि घोड्याचा रंग यांच्या आधी एक गोष्ट पाहावी. तबेल्यात लवकर जावे आणि खोगीर आणताना घोड्याकडे लक्ष ठेवावे. कान मागे पडतात का, तंग हातात घेताच तो पोट आखडतो किंवा तोंड वळवतो का, की मान सैल ठेवून चावत असलेले गवत चावतच राहतो? दुखणी वगळली, तर त्या मिनिटात त्याचे पहिले खोगीर कसे चढले होते ते दिसते. आणि मुलाचे पहिले आरोहण कसे होणार, तेही बरेचसे तिथेच कळते.