ससूनचा मुलांचा वॉर्ड आणि डोंगराकडची गावं

आंबेगावात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहुप्याकडे, किंवा जुन्नरात आपटाळ्याच्या पुढे नाणेघाटाकडे गेलं, की तापाने फणफणलेल्या पोराची वाट ठरलेली असते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग घोडेगाव किंवा जुन्नर, तिथून मंचर नाहीतर नारायणगाव. तिथेही डॉक्टर म्हणाले, "पुढे न्या," की ससून. आईबापाला पुण्यातलं दुसरं काही ठाऊक नसलं तरी ससून ठाऊक असतं.

ससून 1867 सालचं आणि त्याला जोडलेलं बी. जे. मेडिकल कॉलेज 1946चं. तिथल्या बालरोग विभागात प्राध्यापक, पुढे विभागप्रमुख झालेल्या डॉ. आरती किणीकर यांच्या कामाचा हा आढावा. पुण्यात बालरोगतज्ज्ञांची वानवा नाही. पण सरकारी वॉर्डातली गर्दी, शिकाऊ निवासी डॉक्टरांची फौज आणि साथीच्या आजारांवरचं संशोधन हे सगळं एकाच वेळी ओढणारे थोडे. शोधनिबंधांची यादी इथे देत बसत नाही. त्यातून मला दिसलं ते एवढंच, की उपचार स्वस्त, सोपा आणि आटोपता कसा होईल, हा प्रश्न या कामात पुन्हा पुन्हा येतो.

ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, एक शाळकरी मुलगी. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा लागल्या, रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. ससूनमध्ये धाप लागलेली मुलं येत होती आणि व्हेंटिलेटर मागेल त्याला मिळेल इतके कुठल्याच सरकारी रुग्णालयात नसतात. तेव्हा किणीकर आणि सहकाऱ्यांनी 'बबल सीपॅप' वापरला, तोही देशी बनावटीचा. नाकातल्या नळीतून ऑक्सिजन द्यायचा आणि उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत काही सेंटिमीटर बुडवून ठेवायचं. जितकं खोल टोक, तितका दाब. त्या दाबामुळे फुप्फुसातले वायुकोश मिटत नाहीत. बाटलीत बुडबुडे येताहेत, म्हणजे यंत्र चालू आहे. कल्पना त्यांची नव्हे, नवजात बाळांसाठी ती आधीपासून वापरात होती. साथीच्या तोंडावर ती मोठ्या मुलांसाठी कामाला लावली, हे त्यांचं. 2011 साली हा अनुभव 'इंडियन जर्नल ऑफ पीडिअॅट्रिक्स'मध्ये छापून आला. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा प्रयोग नव्हता, त्यामुळे पुरावा म्हणून त्याचं वजन मर्यादित. पण तालुक्याच्या रुग्णालयातही जमेल अशी ही गोष्ट होती, आणि मला ते वजन जास्त वाटतं.

एचआयव्हीचं काम त्याआधीपासूनचं. आईच्या दुधातून बाळाला होणारी लागण रोखण्यासाठी नेव्हिरापिनचा एकच डोस द्यावा की सहा आठवडे रोज द्यावं, हे इथिओपिया, युगांडा आणि भारतात तपासलं गेलं. भारतातलं केंद्र बी. जे. होतं. 2008 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: सहाव्या आठवड्याला लागण जवळपास निम्मी, सहाव्या महिन्याला मात्र फरक पुसट. पुण्यातल्या या बाळांची वाढ कशी झाली, त्या पुढच्या अभ्यासात किणीकर होत्या.

सगळ्यात मोठं काम क्षयरोगाचं. मुलांच्या क्षयरोगात बहुतेकदा जंतू थोडे असतात. गाठी येतात, छातीचा एखादा भाग धरतो. तरीही गोळ्या मोठ्यांइतक्याच सहा महिने. 'शाइन' या चाचणीने विचारलं, सौम्य आजाराला चार पुरतील का? लंडनहून चालवलेल्या या चाचणीत युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारतातली 1204 मुलं होती. भारतातली केंद्रं चेन्नई आणि पुणे. मार्च 2022 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये निष्कर्ष आले. चार महिने सहा महिन्यांपेक्षा कमी पडले नाहीत. लेखकांच्या लांबलचक यादीत किणीकरांचं नाव पहिल्या दहांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी चार महिन्यांची शिफारस केली.

दोन महिने म्हणजे काय, ते नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कळतं. भातकापणी उरकली की डोंगराकडची कुटुंबं मजुरीला बागायती पट्ट्यात उतरतात, पोरं बरोबर. आज या मळ्यावर, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. सहा महिन्यांच्या गोळ्यांत एखादं स्थलांतर सापडतंच. चार महिन्यांचा कोर्स मात्र जायच्या आधी उरकता येतो.

सोपं ते सगळं चालतंच असंही नाही. पुण्याच्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. आशिष बावडेकर ज्यात होते, त्या अभ्यासात गोवराची लस सुईऐवजी वाफाऱ्यासारखी हुंगवून पाहिली. 2015 मधला निष्कर्ष: सुईने 94.7 टक्के मुलांत प्रतिपिंडं, हुंगवून 85.4. सुई जिंकली. लस टोचणाऱ्या आरोग्यसेविकांचं काम हलकं झालं असतं, पण आकडा आकडाच.

क्षयरोगाच्या चार महिन्यांनाही एक अट आहे. आजार सौम्य असला पाहिजे, आणि तो सौम्य आहे हे कुणीतरी सांगायला हवं. लहान मुलाला बेडका काढता येत नाही. पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी घ्यावं लागतं. छातीचा एक्स-रे काढणं सोपं. मुलाच्या एक्स-रेतली गाठ ओळखणारा डॉक्टर मिळणं अवघड. ते शिकलेले डॉक्टर बी. जे.मधून दरवर्षी बाहेर पडतात. त्यातले किती जण मंचरला, घोडेगावला येऊन टिकतात, यावर आहुप्याच्या पोराला चार महिने मिळणार की सहा, हे ठरेल.