कार्टून मालिकांतील ओठ आणि बोली

जालना जिल्ह्यातील मुलांच्या कानांवर बाजारात पडणारी हिंदी आणि कार्टून मालिकांतील हिंदी ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या ह्या भागात दखनीचा वावर जुना आहे. तिच्यातील ‘नक्को’ हा नकार तर मराठीकडूनच आलेला. १९९३ मध्ये दूरदर्शनने ‘जंगल बुक’ हिंदीतून दाखविले, तेव्हा ती भाषा येथील मुलांना परकी नव्हती, तशी घरचीही नव्हती.

ही मालिका मूळची जपानी, निप्पॉन ॲनिमेशन ह्या संस्थेने १९८९ मध्ये निर्मिलेली. जपानी चित्रे इतक्या सहज हिंदी कशी बोलू लागली? ह्याचे उत्तर निर्मितीतील काटकसरीत सापडते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येकीसाठी स्वतंत्र चित्र काढणे दर आठवड्याच्या मालिकेस परवडत नाही. १९६३ मध्ये ओसामु तेझुका ह्यांनी ‘तेत्सुवान आटोमु’ ह्या मालिकेत एकेक चित्र अनेक चौकटी टिकविले, शरीर स्थिर ठेवून केवळ तोंड हलविले. पुढे ही रीत जपानी मालिकांत रूढ झाली. तोंडाच्या अवस्थाही मोजक्याच: मिटलेले, अर्धवट उघडे, पूर्ण उघडे. जिवंत नटाच्या बाबतीत ‘प’, ‘ब’, ‘म’ उच्चारताना मिटणारे ओठ डबिंगकाराला सांभाळावे लागतात. येथे बोलण्याचा आरंभ आणि शेवट जुळला की पुरते. चित्राचे दारिद्र्य भाषेच्या पथ्यावर पडते, ते असे.

मग आकर्षणाचा मोठा भार आवाजावर येतो. शेरखानला नाना पाटेकर ह्यांचा आवाज होता. शीर्षकगीत गुलजार ह्यांचे, संगीत विशाल भारद्वाज ह्यांचे. नावांची गंमत मात्र भाषेगणिक बदलते. किपलिंगने आपल्या अस्वलाचे नाव हिंदी ‘भालू’वरून घेतले. हिंदी मुलाला त्या नावात अस्वलच ऐकू येते. मराठीत ‘भालू’ म्हणजे कोल्ही!

मराठी डबिंगपुढील खरा प्रश्न येथे उभा राहतो: कोणती मराठी? ‘काय करतो आहेस?’ ह्यापेक्षा मराठवाड्यातील ‘काय करायलास?’ उच्चारात आखूड आहे आणि उघडझाप करणाऱ्या चित्रातील तोंडाला तितकेच, किंबहुना अधिक, सोयीचे आहे. तांत्रिक अडचण नाही. तरीही मराठी नाटकसिनेमांत अशी बोली बहुधा विनोदी पात्राच्याच वाट्याला येते, आणि नायक प्रमाणभाषा बोलतो. हा संकेत कार्टूनमध्येही तसाच उतरला, तर जालन्याच्या मुलाला आपली क्रियापदे केवळ हशा पिकविणाऱ्याच्या तोंडी ऐकू येतील.